विचर ४ साठी जुना पीसी अपग्रेड करायचा की गेमिंग लॅपटॉप घ्यायचा? दोन्ही घरात वापरून झाल्यावर

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला सात-आठ जणांनी तरी विचारलाय, दोघं ऑफिसमधले, बाकी बिल्डिंगमधली पोरं, आणि प्रत्येकाला फोनवर अर्धा-अर्धा तास तेच सांगून झालंय म्हणून आता एकदाच नीट लिहून काढतो. ज्यांच्याकडे २०१८-१९ च्या आसपास असेंबल करून घेतलेला पीसी आहे, घर लहान आहे, पैसे एकदाच बाहेर पडणार आहेत आणि डोक्यात विचर ४ हा येऊ घातलेला गेम आहे, त्यांच्यासाठी हे. कोअर किती, गिगाहर्ट्झ किती हे तुम्ही बघितलेलंच असणार, त्यात जात नाही.

आधी गेमबद्दल जेवढं नक्की माहीत आहे तेवढं. गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेडने डिसेंबर २०२४ मध्ये पहिला ट्रेलर दाखवला, यावेळी आपण सिरी या नायिकेच्या भूमिकेत खेळणार, आणि मुख्य म्हणजे त्यांचे आधीचे गेम विचर ३ आणि सायबरपंक ज्यावर बनले ते स्वतःचं रेडइंजिन (इंजिन म्हणजे गेम ज्यावर बांधतात ते सॉफ्टवेअर) सोडून ते अनरियल इंजिन ५ वर गेलेत. २०२६ संपायच्या आत गेम येणार नाही हे कंपनीनेच सांगितलंय. सिस्टिम रिक्वायरमेंट जाहीर झालेल्या नाहीत, त्यामुळे "एवढं घेतलं की चालेलच" असं छातीठोकपणे कोणी सांगत असेल तर त्याचं फार मनावर घेऊ नका, माझंही नको. पण एक धागा हातात आहे. जून २०२५ मध्ये त्यांनी अनरियलच्या कार्यक्रमात एक टेक डेमो दाखवला, तो साध्या पीएस५ कन्सोलवर, प्रो वर नाही, रे ट्रेसिंग (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या काढायचं तंत्र) चालू ठेवून सेकंदाला ६० फ्रेमने चालत होता. डेमो म्हणजे गेम नाही हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केलं, तरी साधा पीएस५ डोळ्यासमोर ठेवून काम चाललंय एवढं त्यातून कळतं. पीएस५ म्हणजे एएमडीच्या झेन २ प्रोसेसरचे आठ कोअर आणि सगळ्यात मिळून १६ जीबी मेमरी, मशीन नोव्हेंबर २०२० चं. म्हणजे त्याच्या वर आरामात बसणारा पीसी १०८०पी ला, म्हणजे साध्या फुल एचडीला, तरी मार खाऊ नये असा माझा अंदाज आहे, आणि माझी सगळी खरेदी याच अंदाजावर झाली.

दुसरं म्हणजे एनव्हिडियाच्या जुन्या जीटीएक्सवाल्या ग्राफिक्स कार्डांचा जमाना आता खरंच संपला. १०६०, १६६० सुपर, मी ही कार्डं मनापासून वापरली आहेत, पण डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स आणि मे २०२५ चा डूम द डार्क एजेस या दोन्ही गेमना हार्डवेअर रे ट्रेसिंग लागतंच, ती सोय या कार्डांत नाही, सेटिंग कितीही खाली आणलं तरी उपयोग नाही. विचर ४ त्याच वाटेने जाणार असं मला वाटतं. त्यामुळे नुसती रॅम वाढवून किंवा एसएसडी टाकून भागेल का असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर, विंडोज फास्ट होईल, गेम नाही.

आणि जे जीटीए ६ साठी पीसी अपग्रेड करायला निघालेत त्यांना हात जोडून विनंती, थांबा. जाहीर झालेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे आणि ती पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी आहे, पीसीचं नाव त्यात नाहीये. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ ला. त्याच कंपनीच्या रेड डेड २ ला एक वर्ष लागलं. यावेळीही तसंच झालं तर आज घेतलेलं कार्ड तोपर्यंत दोन वर्षं जुनं झालेलं असेल. जीटीएसाठीच जीव अडकला असेल तर कन्सोलचा हिशोब करा, तो वेगळा विषय आहे.

आता माझं. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरमध्ये राहतो, वन रूम किचन, आई, बाबा, धाकटी बहीण आणि मी. पीसीचं टेबल बाहेरच्या खोलीत खिडकीखाली, त्याला लागून दिवाण, दिवाणावर बाबा झोपतात आणि खाली गादीवर आई आणि बहीण. मी किचनमध्ये गादी टाकतो. मशीन २०१९ ला लॅमिंग्टन रोडवरून असेंबल केलेलं, रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १०६० सहा जीबी कार्ड, १६ जीबी रॅम. विचर ३ यावर दोनदा पूर्ण केला, दोन्ही डीएलसीसकट (म्हणजे नंतर आलेले जोडभाग), त्यामुळे या डब्यावर माझा जीव आहे हे आधीच सांगून टाकतो, पुढचं वाचताना तेवढं लक्षात असू द्या.

तर २०२५ च्या मार्चमध्ये मी आधी लॅपटॉपच घेतला. कारण साधं होतं, जागा. कॅबिनेट, मॉनिटर, यूपीएस, टेबल मिळून खोलीची एक भिंत अडते, लॅपटॉप घेतला तर टेबलच काढून टाकता येईल आणि आईला तिथे शिलाई मशीन ठेवता येईल असा सगळा बेत होता. आरटीएक्स ४०६० वाला, १५ इंची, लाखाच्या थोडा आत मिळाला. कंपनीचं नाव घेत नाही कारण मी जे सांगणार आहे ते एका कंपनीचं नाही, त्या वर्गातल्या मित्रांच्या दोन-तीन लॅपटॉपवर मला तेच दिसलं. आणि खोटं कशाला बोलू, पहिले पंधरा दिवस मी प्रचंड खूश होतो. सायबरपंक हायवर मस्त चालत होता, डीएलएसएस (लहान चित्र एआयने मोठं करून वेग वाढवणारी एनव्हिडियाची सोय) लावलं की रे ट्रेसिंगसुद्धा जमत होतं, विचर ३ चं २०२२ च्या डिसेंबरचं नेक्स्ट-जेन अपडेट माझ्या डब्यावर रडायचं ते इथे लोण्यासारखं. काम झालं की बंद करून कपाटात. जुना पीसी माळ्यावर टाकायची तयारी झाली होती.

मग एप्रिल आला. माझी खेळायची वेळ रात्री साडेअकरा ते दीड, सगळे झोपल्यावर, कारण ऑफिसमधून घरी पोचायलाच नऊ होतात आणि त्यानंतर जेवण, टीव्ही, गप्पा. मी हेडफोन लावून बसायचो, लाइट बंद, ब्राइटनेस कमी, आपल्यामुळे कोणाला त्रास नको म्हणून माउससुद्धा सायलेंट क्लिकवाला घेतलेला. एका रात्री एक-सव्वाला आई उठली आणि अंधारात चाचपडत किचनमध्ये गेली, मला वाटलं पाणी प्यायला, तर तिने एक्झॉस्ट फॅनचं बटण दोनदा चालू-बंद करून बघितलं आणि परत येऊन म्हणाली, "अरे एक्झॉस्ट तर बंद आहे, मग हा आवाज कसला येतोय मघापासून?" मी हेडफोन काढले आणि तो आवाज पहिल्यांदा ऐकला, म्हणजे तिच्या कानाने ऐकला. रात्रीच्या शांततेत ती सूंऽऽ शिट्टी आख्ख्या खोलीत भरून राहिली होती. बाबा कूस बदलत होते, बहिणीने उशी कानावर घेतलेली. गेले दीड महिना हे तिघं असेच झोपत होते आणि कोणी मला काही बोललं नव्हतं.

हा मुद्दा मला कुठल्याच रिव्ह्यूमध्ये या पद्धतीने सापडला नाही, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. रिव्ह्यूवाले सांगतात "फॅनचा आवाज होतो पण हेडफोन लावले की प्रॉब्लेम नाही". प्रॉब्लेम नाही खेळणाऱ्याला. ज्याची स्वतंत्र बेडरूम आहे, दार लावता येतं, त्याच्यासाठी ते वाक्य बरोबरच आहे. आपल्याकडे मुंबईत निम्म्या घरांत खेळणारा आणि झोपणारे एकाच खोलीत असतात, मध्ये फार तर पडदा, आणि हेडफोनमुळे उलट होतं काय की ज्याच्यामुळे आवाज होतोय त्यालाच तो ऐकू येत नाही.

त्यानंतर मी महिनाभर या आवाजाच्याच मागे लागलो. डेसिबल मीटर वगैरे माझ्याकडे नाही, कानाने जे कळलं ते सांगतो. एक तर आवाज किती मोठा यापेक्षा तो कसा आहे हे महत्त्वाचं. लॅपटॉपचे पंखे चपटे आणि लहान, तेवढीच गरम हवा बाहेर फेकायला त्यांना भयंकर वेगाने फिरावं लागतं, त्यामुळे आवाज बारीक, वरच्या पट्टीतला येतो. कॅबिनेटचा १२० मिमीचा पंखा मोठा असल्यामुळे तेच काम सावकाश फिरून करतो आणि घूंऽ असा खालच्या पट्टीत वाजतो. आता आपल्याकडे वर्षाचे दहा महिने डोक्यावर सीलिंग फॅन चालू असतो, त्या घरघरीची घरातल्या सगळ्यांना सवय असते, किंबहुना त्याशिवाय झोप येत नाही. कॅबिनेटचा आवाज त्या घरघरीत मिसळून जातो. लॅपटॉपची शिट्टी मिसळत नाही, ती वर तरंगत राहते.

दुसरं, आणि हे मला आईमुळे कळलं, एकसारख्या आवाजाने माणूस उठत नाही, आवाज बदलला की उठतो. लॅपटॉपमध्ये मॅप उघडला, इन्व्हेंटरी उघडली की पंखे खाली येतात, परत लढाई सुरू झाली की दोन सेकंदात वर जातात, लोडिंगला खाली, परत वर. रात्रभर हे चढ-उतार. ती म्हणाली, "मिक्सर लावल्यासारखं मध्येच चालू होतं आणि बंद होतं, डोळा लागता लागता दचकायला होतं."

उपाय सगळे करून बघितले. सायलेंट मोड लावला तर आवाज खरंच जातो, पण कार्डाला मिळणारी पॉवर एवढी खाली येते की गेम अडखळायला लागतो, म्हणजे लाखाचा लॅपटॉप घेऊन जुन्या १०६० च्या वर थोडंसं एवढंच मिळतं. फ्रेम ६० ला लॉक केल्या, फरक पडला, पुरेसा नाही. कूलिंग पॅड आणला तर त्याचाच वेगळा आवाज. अंडरव्होल्ट, म्हणजे व्होल्टेज थोडं कमी करून गरमी कमी करणं, माझ्या मॉडेलच्या बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) लॉक होतं. थंडीच्या दिवसांत कदाचित जमलंही असतं, पण एप्रिल-मेमध्ये रात्री एक वाजताही खोली तापलेली असते, एसी नाही, आणि लॅपटॉप आत घेतो ती हवाच गरम. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर थोडा दिलासा मिळाला तर खिडकी बंद ठेवावी लागायची. तोपर्यंत मी रात्री खेळणंच जवळपास सोडलं होतं, फक्त शनिवारी दुपारी.

त्याच सुमारास बहिणीला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षासाठी रेंडरिंग करायला मशीन हवं होतं, लॅपटॉप तिला दिला आणि तिच्यासाठी तो अगदी योग्य निघाला, हे मुद्दाम सांगतो. ती दिवसा वापरते, कॉलेजला घेऊन जाते, रेंडर लावून बाजूला होते. तिची एकच तक्रार आहे, ॲडॅप्टरची वीट. लॅपटॉपचं वजन जाहिरातीत असतं, ॲडॅप्टरचं नसतं, आणि सकाळच्या लेडीज डब्यात उभं राहून ती सगळी बॅग खांद्यावर घेऊन दादरपर्यंत जायचं म्हणजे जिवावर येतं.

आणि मी सप्टेंबरमध्ये, गणपती झाल्यावर, जुन्या डब्याकडे वळलो.

लॅमिंग्टन रोडवर पहिल्या दोन दुकानांत मला हेच सांगितलं की बोर्डच बदला, बी४५० जुना झाला, नवीन एएम५ घ्या, म्हणजे एएमडीच्या नव्या प्रोसेसरांचा बोर्ड. त्यांचंही चूक नाही म्हणा, पण एएम५ म्हणजे बोर्ड नवीन, प्रोसेसर नवीन आणि डीडीआर५ रॅम नवीन, कारण त्यावर डीडीआर४ चालतच नाही. माझा बी४५० ज्या जुन्या एएम४ वर्गातला आहे त्याचं चांगलं हे आहे की २०१८ च्या बोर्डावर बायोस अपडेट करून २०२२ चा प्रोसेसर बसतो. मी रायझन ७ ५७००एक्स घेतला, आठ कोअर, ६५ वॉट. सोबत कूलर येत नाही, तो वेगळा टॉवर कूलर घेतला दोन हजारांच्या आतबाहेर. कार्ड एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीवालं. रॅम जुन्या १६ मध्ये आणखी १६ टाकली. एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी. सगळं मिळून मला साधारण साठ हजार पडले, लॅपटॉपपेक्षा पस्तीसेक हजार कमी, आणि एसएमपीएस (पॉवर सप्लाय), कॅबिनेट, मॉनिटर जुनेच राहिले.

रॅमबद्दल मात्र आता माझे भाव धरून चालू नका. मी घेतली त्यानंतर दिवाळीपासून मेमरीचे भाव जे चढायला लागले ते विचारू नका, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपलं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरकडे वळवलं, तिकडे पैसा जास्त आहे. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रुशियल हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँडच बंद करतोय असं जाहीर केलं. डीडीआर४ पण महागली, पण ती निदान आपल्याकडे अर्धी आधीच असते. जुन्या बोर्डाच्या बाजूने माझं झुकतं माप आहे त्यामागे हे एक मोठं कारण आहे, ज्यांच्याकडे १६ जीबी डीडीआर४ आहे त्यांच्याकडे आज खरंच थोडंफार सोनं पडून आहे, ते विकून डीडीआर५ घ्यायला जाऊ नका. तुमच्याकडे इंटेलची चौथी-सहावी जनरेशन असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बोर्ड बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

कार्ड एनव्हिडियाचं का नाही हे सगळे विचारतात. विचर ४ चा पहिला ट्रेलर एनव्हिडियाच्या कार्डावर रेंडर केला होता हे खरं, डीएलएसएस चांगलं आहे हेही खरं, आणि मला स्वतःला लॅपटॉपवरचं डीएलएसएस जास्त आवडलं होतं हेही कबूल करतो. पण आपल्या जुन्या बोर्डाच्या दृष्टीने एक बारीक गोष्ट आहे. बी४५० वर पीसीआय एक्सप्रेस ३.० आहे, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातला जुना, कमी वेगाचा रस्ता. एनव्हिडियाची ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डं त्याच्या आठच लेन वापरतात, ९०६० एक्सटी सोळा वापरतं. नवीन बोर्डावर आठ लेनने काही बिघडत नाही, जुन्या बोर्डावर तो रस्ता अरुंद होतो, आणि ८ जीबीचं कार्ड असेल तर मेमरी भरली की सगळं सामान त्याच अरुंद रस्त्याने ये-जा करतं आणि गेम झटके खातो. त्यामुळे कुठलंही घ्या पण ८ जीबीचं घेऊ नका, ५०६० टीआय घ्यायचंच असेल तर १६ वालं. इथेच लॅपटॉपची दुसरी अडचण आहे, ४०६०, ५०६० आणि दुकानात दिसणारे बहुतेक ५०७० वाले लॅपटॉपसुद्धा ८ जीबीचेच आहेत, १२ साठी ५०७० टीआय आणि १६ साठी ५०८० पर्यंत जावं लागतं, आणि ती किंमत आपल्या विचारापलीकडची आहे. आज ८ जीबी चालतंय, अनरियल ५ वर बनलेल्या एवढ्या मोठ्या जगाला २०२७ मध्ये किंवा पुढे ते पुरेल का, मला तरी भरवसा वाटत नाही. आणि लॅपटॉपमध्ये ते नंतर बदलता येत नाही.

बसवताना दोन गोष्टी सांभाळा. बायोस अपडेट जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करा, पेन ड्राइव्हने पंधरा मिनिटांचं काम आहे, नंतर प्रोसेसर बदला. आणि नवीन प्रोसेसर लावल्यावर पहिल्यांदा चालू केलं की काळ्या स्क्रीनवर एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायची जागा) रीसेट करायचं का असं विचारतं आणि वाय दाबायला सांगतं, मी तिथे घाबरून बंद केलं होतं. घाबरायचं नाही, पण विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी मोबाइलवर काढून ठेवा, नाहीतर सगळा डेटा कुलूपबंद. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय त्यामुळे याच वेळी ११ वर जाऊन घ्या. एसएमपीएस माझा ४५० वॉटचा चांगल्या प्रतीचा आहे, ९०६० एक्सटीला एएमडी तेवढाच सांगते आणि आतापर्यंत तक्रार नाही. लोकल बनावटीचा असेल तर मात्र तिथे कंजुषी करू नका. कार्ड घ्यायच्या आधी कॅबिनेट उघडून टेप लावा, तीन पंख्यांची कार्डं जुन्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडतात, मी त्यासाठीच दोन पंख्यांचं घेतलं. पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. माझा ६०० व्हीएचा यूपीएस गेम चालू असताना लाइट गेली तर तग धरत नाही, पण विक्रोळीत लाइट जातेच किती, ते मी सोडून दिलंय.

विजेचंही लोक विचारतात. खेळताना माझं सगळं मिळून ३०० वॉटच्या आसपास जात असेल असं धरतो, दोन तास म्हणजे ०.६ युनिट, महिन्याला १८. लॅपटॉपचे १८० धरले तर महिन्याला ११ च्या आत. सात युनिटांसाठी कोणी निर्णय फिरवू नये.

आता आवाज, ज्याच्यासाठी हे सगळं केलं. इथे डेस्कटॉपचा खरा फायदा काय तर तो तुमचं ऐकतो. बायोसमध्ये जाऊन कॅबिनेटच्या आणि कूलरच्या पंख्यांची रेघ सपाट करून टाकली, म्हणजे गरमी थोडी वाढली तरी पंखा लगेच पळत नाही, एका वेगाने फिरत राहतो. कार्डाची पॉवर दहा टक्के खाली आणली, व्होल्टेज थोडं कमी केलं, फ्रेम ६० ला लॉक. आकडे बघितले तर हे कार्ड लॉक काढल्यावर बरंच पुढे पळतं, पण माझा मॉनिटर साधा १०८०पी चा आहे आणि विचर ३ रे ट्रेसिंगसकट ६० वर स्थिर चालला की माझ्या डोळ्यांना त्यापुढे काही नको असतं. एवढं केल्यावरही एक बारीक गुणगुण राहिली होती, ती शोधायला दोन दिवस गेले, शेवटी कळलं की ती पंख्याची नाही, कॅबिनेट टेबलाच्या पोकळ फळीवर ठेवलं होतं आणि फळीच थरथरत होती. कॅबिनेट खाली घेतलं, पण थेट लादीवर नको कारण सकाळी आई लादी पुसते ते पाणी आत जायचं, म्हणून देवघराजवळचा जुना लाकडी पाट घेतला, त्यावर जुन्या माउसपॅडचे चार तुकडे कापून टाकले आणि त्यावर कॅबिनेट. गुणगुण गेली. आता रात्री हेडफोन काढून मी मुद्दाम ऐकतो, सीलिंग फॅन तीनवर असला तर मला स्वतःला मशीन चालू आहे की नाही हे लाइट बघून कळतं. लॅपटॉपमध्ये यातलं अर्धंसुद्धा तुमच्या हातात नसतं, जो पंखा कंपनीने दिला तो आणि त्याचा जो स्वभाव असेल तो.

कमतरता आहेत. भिंत अडलेलीच आहे, आईचं शिलाई मशीन अजून किचनच्या कोपऱ्यात आहे आणि ते माझ्या मनाला लागतं. दर दोन महिन्यांनी कॅबिनेट गच्चीवर नेऊन ब्लोअर मारावा लागतो, आमच्याकडे हायवेची धूळ फार. गावाला जाताना नेता येत नाही. एएम४ इथेच संपतं, पुढच्या वेळी बोर्डासकट सगळं बदलावं लागेल, हे माहीत असूनच मी पैसे घातलेत. आणि विचर ४ च्या रिक्वायरमेंट आल्यावर माझा अंदाज चुकलाच तर निदान कार्ड काढून दुसरं लावता येईल, एवढी सोय ठेवली आहे.

तेव्हा हॉस्टेलला असाल, भाड्याची खोली दर अकरा महिन्यांनी बदलत असाल, किंवा घरात दार लावता येईल अशी खोली असेल तर लॅपटॉप वाईट नाही, खुशाल घ्या, जमलं तर ८ जीबीच्या वरचा बघा. आणि दोन्हींत मन अडकलं असेल तर दुकानातल्या डेमोवर जाऊ नका, त्या गोंगाटात काहीच कळत नाही. ज्या मित्राकडे तसा लॅपटॉप आहे त्याला एका शनिवारी रात्री घरी जेवायला बोलवा, सगळे झोपले की ब्लॅक मिथ वुकाँग या गेमचं फुकट बेंचमार्क टूल (मशीनवर गेमचा ताण टाकून बघायचं) मिळतं ते लावा, तेही अनरियल ५ चंच आहे, आणि तासभर चालू ठेवा. घरच्यांना आधी काही सांगू नका, सकाळी चहाच्या वेळी फक्त विचारा की झोप कशी लागली.